कारागिराचा हात आणि विकतचा माल

मोर्शी म्हटले की वऱ्हाडाबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे संत्र्यांच्या बागा येतात, आणि जुन्या मराठी वाङ्मयाचा ज्याला लळा आहे त्याला याच तालुक्यातले रिद्धपूर, म्हणजे गोविंदप्रभूंचे आणि लीळाचरित्राचे गाव, आठवते. परंतु अमरावतीहून वरुडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने, कृषिकेंद्रांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पाट्यांच्या मधूनमधून, पत्र्याच्या छपराखाली लोखंडाचे जे काम अहोरात्र चालू असते त्याच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. ट्रॉलीच्या चाकाचे बुश आणि पिना, वखराच्या आणि डवऱ्याच्या पाशी, फवारणीच्या पंपाचे दांडे, विंधनविहिरीत सोडलेल्या मोटरीचे शाफ्ट आणि गनमेटलचे बुश अशा शेकडो लहानमोठ्या वस्तू येथे कातल्या, छेदल्या आणि सांधल्या जातात. वरुड आणि मोर्शी या दोन्ही तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या कितीतरी पुढे गेलेला असल्यामुळे बोअर खोल खोल जात राहतात, खोलातले रेतीमिश्रित पाणी पंपाचे बुश झिजवीत राहते, आणि आंबिया बहराची बाग ऐन उन्हाळ्यात तहानलेली असताना दोन दिवस बंद पडलेला पंप हा त्या कुटुंबाच्या वर्षभराच्या उत्पन्नावर घाला असतो. तेव्हा या छपराखालच्या कामाचा वेग हा केवळ कारखानदाराच्या नफ्याचा प्रश्न नाही. तो बागाईतदाराच्या पोटाचाही प्रश्न आहे.

या वेगाबद्दल एक मत फार पसरलेले आहे. चाकण-भोसरीकडचा टर्नर पाळीला जितके नग काढतो त्याच्या निम्मेही इकडचा काढीत नाही, आणि याचे कारण इकडच्या माणसाच्या अंगात आहे, असे हे मत. ते वऱ्हाडाबाहेरचे लोक बोलतात आणि दुःखाची गोष्ट अशी की वऱ्हाडातले शिकलेले लोकही त्यास मान डोलावतात. कोणी जरा उदार झाला तर दोष माणसाकडून यंत्राकडे वळवतो, आणि नवे यंत्र आले, कर्ज मिळाले, अनुदान मंजूर झाले की सारे सुरळीत होईल असे सांगतो. माणूस आणि यंत्र या दोहोंच्या पलीकडे एक तिसरी वस्तू आहे, आणि ती म्हणजे कारखान्याच्या दारातून आत येणारा विकतचा माल: सळई, पट्टी, पाइप, बिडाचे ओतीव नग, कापण्याचे हत्यार, वेल्डिंगची काडी, तेल आणि वीज. श्रमाचे फळ किती यायचे याचा निम्माअधिक निवाडा, कामगाराने यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच, खरेदीच्या वहीत होऊन गेलेला असतो, असे माझे निरीक्षण आहे आणि ते मी येथे शक्य तितक्या तपशिलाने मांडणार आहे.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न लोहारापुढे या रूपात कधी आलाच नाही. बलुत्याची सर्वसाधारण रीत अशी होती की लोखंड आणि कोळसा कुणब्याने आणावयाचा, प्रसंगी भाताही त्यानेच ओढावयाचा किंवा घण त्यानेच मारावयाचा, आणि लोहाराने आपली कला तेवढी लावावयाची. तिचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे लोहाराच्या जमाखर्चात विकतच्या मालाचे सदरच नव्हते. त्याने जे निर्माण केले ते सर्वस्वी त्याच्या श्रमाचे, आणि त्यामुळेच त्याच्या श्रमाची मर्यादाही उघडी होती: मऊ लोखंडाच्या पाशीला धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत तावून जोडावयाची, ठोकून एकजीव करावयाची, मग पाणी द्यावयाचे, आणि एवढे सारे करूनही ती धार काळ्या जमिनीत एका हंगामात बोथट व्हावयाची. पुढे मोटारी आल्या, मालमोटारींच्या तुटलेल्या कमानींचे पाटे भंगारात मिळू लागले, आणि लोहाराच्या पिढीजात धंद्यात एक मोठी उलथापालथ झाली जिची इतिहासात कोठेच नोंद नाही. कमानीचा पाटा हा मुळातच पोलादाचा. त्याला निराळी धार जोडावी लागत नाही. तो तापवावा, वाकवावा, छन्नीने तोडावा, कानशीने धार काढून पाणी द्यावे की पास तयार. भट्टी तीच, ऐरण तीच, हातही तोच. तरी सांध्याचे सगळे काम गळून गेले आणि वस्तू पूर्वीपेक्षा टिकाऊ झाली. जे कौशल्य पूर्वी गावच्या भट्टीत खर्ची पडत असे ते आता दूरच्या एखाद्या पोलाद-कारखान्यातून, मिश्रधातूच्या रूपाने, भंगारवाल्याच्या ठेल्यावर बसून गावात येऊ लागले.

विकतच्या मालाचा खरा अर्थ हाच आहे. त्यात दुसऱ्या कोणाचे तरी श्रम, भट्टी, प्रयोगशाळा आणि भांडवल मुरलेले असते, आणि ते विकत घेणारा आपल्या कामगाराच्या हाती त्या अज्ञात माणसांचे श्रमच ठेवीत असतो. अॅडम स्मिथने 1776 साली टाचण्यांच्या कारखान्याचे जे उदाहरण दिले, दहा माणसे मिळून दिवसाला 48,000 टाचण्या करतात असे, ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु त्या वर्णनात पहिला माणूस तार ओढणारा आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती तार आयती विकत आणली असती तर उरलेल्या माणसांकडून निघणाऱ्या टाचण्यांची दरडोई संख्या लगेच वाढलेली दिसली असती, आणि तरीही त्यांपैकी एकाच्याही बोटांचा वेग तसूभर वाढलेला नसता. श्रमविभाग कारखान्याच्या भिंतीच्या आत झाला तर त्याची कीर्ती होते, भिंतीच्या बाहेर झाला तर तो खरेदीच्या पावतीत लपतो.

आता एक नग जवळून पाहू. ट्रॉलीच्या चाकात बसणारा एक बुश घ्या: बाहेरचा व्यास 60 मिलिमीटर, आतला 40, लांबी 50. तयार बुशाचे वजन सुमारे 615 ग्रॅम भरते. हा बुश भरीव सळईतून करावयाचा तर 65 मिलिमीटरची सळई लागते, आणि कापण्याच्या जागेसह 54 मिलिमीटर लांबीचा तुकडा धरला तर त्याचे वजन 1 किलो 400 ग्रॅम होते. म्हणजे विकत घेतलेल्या पोलादाचा निम्म्याहून अधिक भाग कीस होऊन खाली पडतो. पैशापेक्षाही अधिक येथे वेळ जातो. टर्नर प्रथम काळी साल उतरवितो, मग लहान ड्रिल घालतो, मग मोठे, मग त्याहून मोठे, आणि एवढे झाल्यावर बोअरिंगचे हत्यार लावून आतले माप मिळवितो. या साऱ्या वेळात तो डोळ्यात तेल घालून उभा असतो आणि जे काम करीत असतो ते मुख्यतः नको असलेले पोलाद काढून टाकण्याचे असते. त्याच बुशासाठी 65 बाहेर आणि 36 आत अशा मापाचा जाड पाइप आणला, तर तुकड्याचे वजन 975 ग्रॅमवर येते, ड्रिलची तिन्ही कामे उडतात, आणि किसाचे वजन निम्म्याहून कमी होते. पाइप किलोमागे महाग असतो हे खरे. परंतु त्या महागाईत पोलादाला पोकळ करण्याचे काम कोठेतरी मोठ्या गिरणीत, आपल्या लेथपेक्षा कितीतरी स्वस्तात, होऊन गेलेले असते.

याचा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण त्यांचे प्रमाण या धंद्यातल्या माणसास ओळखीचे वाटेल. समजा, भरीव सळईतून एक टर्नर दिवसाला 20 बुश काढतो आणि प्रत्येक 200 रुपयांस जातो. विक्री 4,000 रुपये. सळईचे 2,000 आणि हत्यार-विजेचे 200 वजा केले की 1,800 रुपये उरतात. मजुरी, व्याज, भाडे आणि नफा यांना वाटून द्यावयाचे जे आहे ते हेच. आता पाइप आणला आणि दिवसाचे 34 बुश निघू लागले: विक्री 6,800, पाइप 4,250, हत्यार-वीज 300, शिल्लक 2,250. दरडोई विक्री शेकडा सत्तरांनी वाढली, पण दरडोई निर्माण झालेले मूल्य शेकडा पंचविसांनीच वाढले. ही वाढ खोटी नाही, ती खरी आहे आणि स्वागतार्ह आहे. तथापि ती सत्तर नव्हे, पंचवीस आहे. पुढची पायरी पाहा. कारखानदाराने बुश कातणेच सोडून दिले, बाहेरून तयार बुश 185 रुपयांस आणले, आपल्या माणसाकडून त्यात फक्त चावीची खाच पाडून घेतली आणि दिवसाला 100 नग 200 रुपयांस विकले. दरडोई विक्री 20,000 रुपये, म्हणजे मूळच्या पाचपट! परंतु मालाचे 18,500 आणि हत्यार-विजेचे 100 गेले की उरतात 1,400, म्हणजे पहिल्या दिवशी उरले होते त्याहूनही कमी. जो अधिकारी, जी बँक किंवा जो पुरस्कार देणारा केवळ विक्रीला कामगारसंख्येने भागून उत्पादकता ठरवितो, तो या तिसऱ्या कारखान्याच्या गळ्यात हार घालील आणि पहिल्याला नालायक ठरवील.

आपल्या सरकारी संख्याशास्त्राने ही चूक केलेली नाही, हे त्याच्या श्रेयाचे आहे. 1959 पासून चालत आलेल्या वार्षिक उद्योग पाहणीत कारखान्याचे एकूण उत्पादन आणि त्यासाठी खर्ची पडलेला माल, इंधन व सेवा ही सदरे निराळी ठेवलेली असतात. दोहोंची वजाबाकी म्हणजे स्थूल मूल्यवर्धन, आणि त्यातून घसारा वजा केला की निव्वळ मूल्यवर्धन. परंतु हे मोजमापही सर्वस्वी निर्दोष नाही, कारण पोलादाचा भाव एकाएकी उसळला, जसा तो 2021 साली उसळला, म्हणजे कामगाराच्या हातात काडीमात्र फरक न पडता त्याचे मूल्यवर्धन कागदावर आटते. विक्रीच्या किमती आणि खरेदीच्या किमती या दोहोंची वाढ निरनिराळी वजा केल्याशिवाय खरा प्रकार उमगत नाही. शिवाय ही पाहणी मुख्यतः कायद्याने कारखाना म्हणून नोंदलेल्या धंद्यांची. मोर्शीच्या रस्त्यावरचे दोन लेथ आणि चार माणसे असलेले वर्कशॉप तिच्या जाळ्यात येत नाही. असंघटित धंद्यांच्या नमुना-पाहणीत त्याचा नंबर लागला तर लागला. ज्याच्या आळसाबद्दल एवढे बोलले जाते त्याचे काम धडपणे मोजलेही गेलेले नाही.

मालाच्या दर्जाकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठी गळती येथे आहे. मोर्शीत एका वर्कशॉपात मी उभा असताना तेथील वयस्क मिस्त्रींनी नुकत्याच उतरलेल्या सळयांपैकी दोन उचलल्या आणि ग्राइंडरला लावून दाखविल्या. पहिलीच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेघांच्या होत्या. दुसरीच्या रेघांना टोकाशी फाटे फुटत होते आणि मधूनच चांदण्यांसारखा स्फोट होत होता. पहिली मऊ पोलादाची, दुसरीत कार्बन अधिक, शेकडा 0.40 च्या आसपास, जिला बाजारात ईएन-आठ म्हणतात. दोन्ही सळया एकाच गठ्ठ्यात, एकाच भावाने, एकाच नावाने आल्या होत्या. ज्या पिनेला ईएन-आठ पाहिजे तिथे मऊ सळई गेली तर पिन वाकते आणि गिऱ्हाईक परत येते. परत आलेला नग दुरुस्त करण्यात जो अर्धा दिवस जातो तो कोणत्याही वहीत उत्पादन म्हणून लिहिला जात नाही. याहून वाईट अवस्था भंगार वितळवून पुन्हा लाटलेल्या हलक्या सळईची. तिच्या पोटात कडक गाठी असतात. हत्यार सुरळीत चालत असता अकस्मात अशी गाठ आडवी आली की धार तुटते, टर्नर यंत्र थांबवितो, हत्यार काढतो, धार लावतो, पुन्हा बसवितो, माप पुन्हा जुळवितो. मिस्त्री मला म्हणाले, “माल बरा भेटला त हात आपोआप चालते, भाऊ. माल खराब भेटला त दिवसभर नुसतं टूल घासा लागते, अन् संध्याकाळी मालक विचारते का नग कमी काहून निघाले.”

किलोमागे चारदोन रुपये वाचविण्यासाठी घेतलेल्या सळईची खरी किंमत टर्नरच्या वेळेत चुकती होते. परंतु खरेदीची वही मालकाच्या टेबलावर असते आणि वाया गेलेला वेळ कोणत्याच वहीत नसतो, त्यामुळे स्वस्त माल घेणारा हुशार ठरतो आणि कमी नग काढणारा कामगार सुस्त ठरतो. नगावर मजुरी असेल तर मालाच्या दर्जाचा दंड कामगाराच्या खिशातून वसूल होतो, हा अन्याय मला फार बोचतो.

हत्यार ही तशी किरकोळ खरेदी. महिन्याच्या खर्चात तिचा वाटा पोलादाच्या मानाने नगण्य. आणि तरीही धातू कापण्याच्या धंद्यातली सर्वांत मोठी क्रांती या किरकोळ सदरातच घडली. फ्रेडरिक टेलरने धातू कापण्याचे प्रयोग सुमारे सव्वीस वर्षे चालविले, त्यात आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस पाडला, आणि 1906 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यापूर्वी बेथलेहेम पोलाद कारखान्यात त्याने आणि त्याचा सहकारी व्हाइट याने मिळून सिद्ध केलेले अतिवेगी पोलाद 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात लाल होईपर्यंत तापूनही कापीत राहिले, तेव्हा युरोपातल्या कारखानदारांनी तोंडात बोटे घातली. पुढे जर्मनीत क्रुपने 1920 नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइडची हत्यारे बाजारात आणली. मऊ पोलाद अतिवेगी पोलादाच्या हत्याराने मिनिटाला साधारण तीस मीटरच्या वेगाने कापता येते. कार्बाइडने शंभराच्या पुढे सहज जाता येते. मात्र येथे एक अट आहे जी विक्रेता सांगत नाही. 65 मिलिमीटरची सळई मिनिटाला 120 मीटरने कापावयाची तर लेथ मिनिटाला सुमारे 590 फेऱ्यांनी फिरला पाहिजे, आणि त्या फेऱ्यांवर खोल काप घेण्याइतकी ताकद मोटरीत व कणखरपणा बैठकीत पाहिजे. मोर्शीतले पुष्कळ लेथ दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे आहेत; त्यांच्यावर कार्बाइड लावले की लेथ थरथरतो आणि ठिसूळ इन्सर्टचा कोपरा उडतो. म्हणून शहाणा टर्नर काही कामांना कार्बाइड वापरतो आणि काहींना हट्टाने अतिवेगी पोलादाचा बिट घासून वापरतो. त्यास मागासलेपणा म्हणणाऱ्याने आधी त्याच्या लेथच्या बेअरिंगला हात लावून पाहावा.

माल चांगला असणे जितके महत्त्वाचे तितकेच तो वेळेवर आणि लागेल तेवढा मिळणे महत्त्वाचे. नागपूरचा व्यापारी सहा मीटरची पूर्ण सळई विकतो. मोर्शीच्या माणसास एका शाफ्टपुरते दीड मीटर पाहिजे असते. उरलेले साडेचार मीटर कोपऱ्यात गंजत पडतात आणि त्यात अडकलेल्या पैशामुळे पुढच्या कामाची योग्य सळई आणता येत नाही. मग कोपऱ्यातलीच, जरा जाड, जरा निराळ्या जातीची, घेऊन काम भागविले जाते आणि दोन मिलिमीटर जादा कातण्यात पुन्हा वेळ जातो. मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, सगळ्यांना सगळेच एकदम लागते, तेव्हा व्यापारी आधी मोठ्या गिऱ्हाइकाचे भागवतो. माल न आल्यामुळे रिकामा बसलेला टर्नर त्या दिवशी शून्य उत्पादकतेचा. आणि वीज हाही विकतचाच माल असल्यामुळे ती गेली म्हणजेही तो तसाच.

या दुर्भिक्ष्याला सरकारी धोरणाचा एक मोठा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर पोलाद ही नियंत्रित वस्तू होती. 1956 च्या नियंत्रण हुकुमाने तिचे वाटप परवान्यावर चाले आणि त्याच काळात भाडे-समानीकरणाचे धोरण आले, ज्यायोगे भिलाईचे किंवा जमशेदपूरचे पोलाद देशात कोठेही रेल्वेच्या मालधक्क्यावर एकाच भावाने मिळावे असे ठरले. कागदावर पाहता मोर्शीसारख्या आडगावास हे वरदानच. पण भाव समान असला तरी माल समान नव्हता: लहान कारखान्यास कोट्यावर जगावे लागे, कोट्याचे पोलाद मिळेल त्या मापाचे आणि मिळेल त्या महिन्यात घ्यावे लागे, आणि गरजेचे माप काळ्या बाजारातून दीडपट भावाने आणावे लागे. पोलादाच्या नियंत्रणाचा फेरविचार करणाऱ्या 1963 च्या राज समितीनंतर 1964 मध्ये वाटपाचे काम पाहणारी संयुक्त संयंत्र समिती आली; महाराष्ट्रात लघुउद्योगांना कच्चा माल पुरविण्यासाठी 1962 सालीच महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन झालेले होते. या संस्थांनी पुष्कळ काम केले, तरी परवान्यांच्या त्या राज्यात खरेदी करणे हीच एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आणि कारखानदाराचे निम्मे आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेले. 1992 च्या जानेवारीत नियंत्रण उठले, समान भाड्याचे धोरणही मोडीत निघाले. आता पैसे असतील तर माल आहे. लहान माणसाची अडचण परवान्याकडून पतपुरवठ्याकडे सरकली.

विदर्भाला तर विकतच्या आणि खाणीतल्या मालाने एकदा फार मोठा चकवा दिलेला आहे. नागपूरला 1877 साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी 1882 मध्ये फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोहारा येथील खनिजाविषयीचा अहवाल वाचला, आणि त्यांच्या मनात पोलादाच्या कारखान्याने घर केले ते तेव्हापासून. खनिज उत्तम, वरोऱ्याची कोळशाची खाण जवळ. परंतु तो कोळसा भट्टीला लागणाऱ्या जातीचा निघाला नाही. खनिज होते, माणसे होती, भांडवल उभे करण्याची हिंमत होती, एक कोळसा तेवढा बसला नाही. आणि 1907 साली स्थापन झालेली टाटांची कंपनी साकचीला गेली, तेथे 1912 मध्ये पोलाद निघू लागले. न्यायमूर्ती रानड्यांनी लोखंडाच्या धंद्यातल्या आरंभीच्या प्रयत्नांवर जो निबंध लिहिला त्यातही इंधनाचा प्रश्न वारंवार डोके वर काढतो तो उगाच नव्हे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. औंध संस्थानच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्या महायुद्धात अडचणीत आला, कारण परदेशी लोखंडाची आवक आटली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले. या गोष्टीतले काव्य सर्वांना भावते. मला तिच्यातली व्यवहारदृष्टी अधिक मोलाची वाटते. ओतारी, साचे, भट्टी, शिकविलेली माणसे हे सारे जागच्या जागी असूनही कच्च्या लोखंडावाचून त्यांची किंमत शून्य झाली असती, आणि ती शून्य होऊ न देणे हे कारखानदाराचे पहिले काम आहे, हे लक्ष्मणरावांनी ओळखले होते.

विकत घ्यावे की घरी करावे, हा निर्णयही पुष्कळदा अभियंत्याने नव्हे, करवसुलीच्या कायद्याने केला आहे. विकतच्या भागावर एकदा कर, तो बसवून केलेल्या यंत्रावर पुन्हा संपूर्ण किमतीवर कर, अशी कराची उतरंड असताना प्रत्येक कारखान्याने ओतकामापासून रंगापर्यंत सर्व काही एकाच छपराखाली करणे फायद्याचे असे. मग ज्या माणसाने एकच काम हजारदा करून त्यात हात बसवावयाचा तो दिवसाला सात कामे करी. 1986 च्या मॉडव्हॅटने अबकारी करात, 2005 च्या मूल्यवर्धित कराने विक्रीकरात, आणि 2017 च्या वस्तू व सेवा कराने एकंदरीतच खरेदीवर भरलेला कर वजा मिळू लागला, तेव्हा कोल्हापूरचे ओतीव नग आणून अमरावतीत कातणे आणि मोर्शीत बसविणे हिशेबात बसू लागले. मात्र ज्या लहान धंद्याने या करासाठी नोंदणीच केलेली नाही त्याला वजावट मिळत नाही. त्याची खरेदी तेवढी महागच राहते.

आणि अखेरीस पत. 2006 च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते झाले पाहिजेत. अलीकडे आयकरातही अशी तरतूद झाली आहे की सूक्ष्म व लघु उद्योगाची बाकी मुदतीत न देणाऱ्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. परंतु मोर्शीच्या मिस्त्रींचे गिऱ्हाईक कंपनी नव्हे, शेतकरी आहे. तो संत्र्याचा सौदा झाला की पैसे देणार, आणि सौदा पडला किंवा फळगळ झाली तर पुढच्या बहरावर ढकलणार. इकडे सळईचा व्यापारी रोखीवाचून माल उतरवीत नाही, उधारीवर दिला तर भावात व्याज चढवितो. म्हणजे बागाईतदाराची गळ शेवटी टर्नरच्या हातातल्या सळईच्या दर्जात उतरते: पैसा तंग झाला की मालक हलकी सळई आणतो, हलक्या सळईने हत्यार तुटते, हत्यार तुटले की नग घटतात.

म्हणून मोर्शीत किंवा वरुडात धातुकामाला साह्य करावयाचे तर पहिला रुपया नव्या यंत्राच्या अनुदानावर नव्हे, मालाच्या एका सामायिक कोठारावर खर्च व्हावा, असे मला निश्चितपणे वाटते. पाचपन्नास वर्कशॉपांनी मिळून सळई, पाइप आणि गनमेटल ठोक घ्यावे. कोठारात एक चांगली बँडसॉ असावी, जी गिऱ्हाइकाला हवा तो दीड मीटरचाच तुकडा कापून देईल. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर गिरणीचे परीक्षणपत्र यावे आणि त्याचा क्रमांक सळईच्या टोकावर रंगाने लिहिलेला असावा, म्हणजे मिस्त्रींना ग्राइंडरच्या ठिणग्यांवर विसंबावे लागणार नाही. कापूस आणि संत्री यांच्या सहकारी खरेदी-विक्रीचा अनुभव या भागाला आहे. लोखंडाच्या खरेदीला तो लावण्यात तत्त्वतः काही अडचण नाही. गडचिरोलीत सुरजागडची खाण चालू झाली आहे, कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहत आहे, आणि ज्या चांदा मुलुखातल्या खनिजाने टाटांना भुरळ घातली त्याच मुलुखातले खनिज जवळजवळ दीडशे वर्षांनी भट्टीत जात आहे. त्यातून निघणाऱ्या पोलादाची 65 मिलिमीटरची, सरळ, बिनगाठीची, जात लिहिलेली सळई मोर्शीच्या रस्त्यावर मागाल तेवढ्या लांबीची, मेच्या पहिल्या आठवड्यात, रोजच्या भावाने मिळते का, हे मी पुढच्या उन्हाळ्यात तेथे जाऊन पाहणार आहे.